नगरपरिषदेची नोटीस म्हणून काकांकडून 38 हजार उकळले, गावी जुनं घर असेल तर वाचा

गावी जुनं घर आहे आणि तिथं फक्त वयस्कर माणसं राहतात, असं ज्यांचं असेल त्यांच्यासाठी लिहितोय. मे महिन्यात एक जण आमच्या काकांकडे आला, तुमचं घर धोकादायक यादीत आलंय म्हणून नोटीस हातात ठेवली आणि मिटवून देतो म्हणत 38 हजार घेऊन गेला. नोटीस खोटी, माणूसही खोटा. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही.

त्यानं वेळ बरोबर निवडली होती. पावसाळ्याआधी नगरपरिषदा खरोखरच अशा नोटिसा काढतात, 1965 च्या नगरपरिषद कायद्यात कलम 195 आहे त्यासाठी, आणि आमच्याच आळीत एका पडक्या वाड्यावर खरी नोटीस डकवलेली होती. त्यामुळे काकांना वाटलं, आता आपला नंबर.

माणूस एकदम साहेबी थाटात. गळ्यात पट्टा, पण कार्ड उलटं फिरलेलं, हातात फाईल आणि मोजायची टेप. थेट मागच्या खोलीत गेला, भिंतीला चीर आहे तिचे फोटो काढले, टेप लावून काहीतरी लिहून घेतलं. काकांना पूर्ण नावाने हाक मारली आणि मालमत्ता क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखवला, तिथेच काकांचा विश्वास बसला. आता हा क्रमांक म्हणजे काही गुपित नाही हो, दारावर पत्र्याची पाटी ठोकलेली असते तिच्यावरच लिहिलेला असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो टाकला की घरपट्टीचं बिल ऑनलाइन उघडतं, त्यावर मालकाचं नाव. पण दारात उभ्या माणसाने धडाधडा सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं हा ऑफिसातलाच.

मग म्हणाला, तुम्ही सी 1 मध्ये आहात, घर रिकामं करून पाडावं लागेल, जेसीबी येईल. साहेबांशी बोलून सी 3 करून देतो. हे वर्ग खरेच आहेत बरं का, सी 1 म्हणजे अतिधोकादायक आणि सी 3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती, म्हणून तर ऐकताना खरं वाटतं. वीस हजार रोख 'साहेबांचे' आणि अठरा हजार स्ट्रक्चरल ऑडिटचे, म्हणजे घराच्या मजबुतीच्या तपासणीचे, ते यूपीआयने एका नंबरवर. काकू म्हणाल्या, पुतण्याला फोन करू का, तर म्हणतो कसा, करा की, पण आज फाईल वर गेली की माझ्या हातात काही राहणार नाही.

मला कळलं तेव्हा पैसे गेले होते. काकांनी नोटिशीचा फोटो पाठवला आणि ती वाचतानाच खटकायला लागलं. वर नगरपरिषदेचं नाव, आणि खाली 'मा. आयुक्त यांचे आदेशान्वये'. अरे, नगरपरिषदेला आयुक्त कुठून आला? तिथं मुख्याधिकारी असतो, आयुक्त महानगरपालिकेला. कलम लिहिलेलं 267 अ, तेही महानगरपालिका अधिनियमातलं, आणि ते अनधिकृत बांधकामाच्या शास्तीचं, धोकादायक घराशी त्याचा काडीचा संबंध नाही. कुठल्यातरी शहरातली जुनी नोटीस स्कॅन करून वरचं नाव तेवढं बदललेलं होतं. जावक क्रमांक पेनाने लिहिलेला आणि शिक्का सुद्धा प्रिंटमध्येच आलेला, म्हणजे शाईचा नाहीच, बोट ओलं करून घासलं तरी पसरेना.

गावी गेलो आणि नोटीस घेऊन सरळ आवक-जावकच्या टेबलावर गेलो. तिथल्या मॅडमनी रजिस्टर उघडून तो क्रमांक शोधला तर त्यासमोर कुणाच्या तरी जन्मदाखल्याच्या पत्राची नोंद. पाच मिनिटांचं काम. कुठलीही नोटीस आली की पहिलं हेच करा, जावक नंबर आणि तारीख घेऊन रजिस्टरला बघा, कुणाच्या ओळखीची गरज नाही. तोंडी उत्तरावर मात्र थांबू नका. आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, या क्रमांकाची नोटीस या मालमत्तेला दिली आहे का एवढंच विचारलं. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, 'अशी नोंद आढळून येत नाही' असं लेखी आलं आणि पोलिसांत तोच कागद कामाला आला.

बांधकाम विभागाचे इंजिनिअर पण येऊन बघून गेले. म्हणाले ही गिलाव्याची चीर आहे, भिंतीची नाही, दुरुस्त करून घ्या. रंग, गिलावा, फरशी बदलणं असल्या कामाला बांधकाम परवानगीही लागत नाही. आणि ते 38 हजारातलं 'ऑडिट' म्हणजे दोन पानं, त्यात इंजिनिअरचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, फोटोत भिंत निळी. आमच्या घरात निळी भिंत एकही नाही.

काका पोलिसांकडे जायला तयार नव्हते. त्यांना एकच भीती, आपणच साहेबाला पैसे द्यायला निघालो होतो, म्हणजे लाच दिली, उलटं आपल्यावरच येईल. ही भीती अगदीच खोटी नाही, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. असले लोक नेमके याच भीतीवर जगतात, 'साहेबांचे' म्हणून रोख घेतलं की समोरचा तोंड उघडत नाही. पण हा तर सरकारी नोकरच नव्हता, पोलिसांनीही तेच सांगितलं की ही सरळ फसवणूक आणि तोतयेगिरी, तुम्ही बिनधास्त तक्रार द्या. आणि समजा खराच कर्मचारी दारात येऊन पैसे मागत असेल तर देण्याआधी लाचलुचपतवाल्यांचा 1064 नंबर आहे, तो फिरवा.

यूपीआयच्या पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली गेली, पण तोपर्यंत त्या खात्यातून रक्कम पुढे सरकली होती. हा फोन पहिल्या तासा-दोन तासात झाला तर पैसे अडकवता येतात, काका मात्र बरेच दिवस कुणाला बोललेच नव्हते. रोखीचे वीस तर विसरूनच जायचे, त्याला ना पावती ना साक्षीदार. नगरपरिषदेत जे काही भरायचं ते खिडकीवर किंवा त्यांच्याच ऑनलाइन पेजवर, छापील पावती घेऊन. कुणाच्या पर्सनल नंबरवर नाही.

तपास चालू आहे म्हणतात. दरम्यान गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या आजींना फोन आला, या वेळी पाणीपट्टीची थकबाकी आणि नळ तोडायची धमकी. आवाज तोच होता की नाही ते सांगता येणार नाही, पण पद्धत तीच, आधी मालमत्ता क्रमांक म्हणून दाखवला आणि मग विचारलं, घरी आणखी कोण कोण असतं? आजींनी सांगितलं मुलगा पोलिसात आहे. फोन कट. मुलगा खरं तर शाळेत मास्तर आहे.