घसा आवळतो की छाती?
दमा आणि स्वरतंतूंचा पेटका, दोन्हींत जीव घाबरा होतो, म्हणून गल्लत होते. दम्यात फुप्फुसांतल्या श्वासनलिका आकसतात. अडतो तो मुख्यतः उच्छ्वास, छातीत शिट्टी वाजते आणि इनहेलरने सहसा उतार पडतो. स्वरतंतूंना पेटका आला की मात्र दार गळ्यातच बंद होतं. श्वास आत ओढताना घशातून चिरका आवाज निघतो, शब्द फुटत नाही, हात आपसूक गळ्याकडे जातो. झटका बहुधा १-२ मिनिटांत ओसरतो. पण ती मिनिटं, बापरे! कारण अनेकदा घशाशी येणारं आम्लपित्त, त्यामुळे झोपेतही दचकून जाग येते. इथे इनहेलरचा फारसा उपयोग नाही. तोंडाने हपापून हवा ओढण्यापेक्षा नाकाने सावकाश, लहान श्वास घ्यावा. ओठ निळे पडले तर मात्र तर्क करत न बसता थेट रुग्णालय गाठावं.