तीन भिंतींचा दिवाणखाना की नुसत्या दोन लेव्हल्स?

वडोदऱ्यात आमच्या नाट्यवर्गात एकच प्रवेश आम्ही दोनदा उभा केला. आधी बॉक्स सेट: तीन भिंतींचा दिवाणखाना, चौथी भिंत प्रेक्षकांच्या बाजूची, म्हणजे नसलेली. बाजूचे फ्लॅट (भिंत म्हणून उभ्या करायच्या चौकटी) काटकोनात लावले, तर कडेच्या खुर्च्यांवरून अर्धं दारच दिसेना. मग ते प्रेक्षकांकडे तिरके उघडले. घर आहे हे पडदा उघडताच कळतं, हा त्याचा मोठा गुण. पण ठोकाठोकी फार, आणि प्रवेश घराबाहेर गेला की सगळं अडलं.

दुसऱ्यांदा दोन लेव्हल्स (रंगमंचावरचे चौथरे), एक स्टूल, एक कंदील. इथे नटाने पाय उचलला तरच उंबरठा असतो. आमच्यातला एकजण दार कुठे ते विसरून भलतीकडूनच आत आला. दांडिया बाजारातून आलेल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "अरे, भिंतीतून आलास की!" म्हणजे भिंत त्यांना दिसत होती! (१९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये तर माणसांची रांगच पडदा व्हायची.)

शिकायला मी दुसरा पर्याय घेईन. प्रकाशयोजना मात्र नेमकी हवी. स्पॉटलाइटचा झोत हातभर सरकला की आजींचं घर गायब.