चार रोबोंचा संच: हात भारी, पण उन्हात सगळे मुके

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी जूनमध्ये हा संच घेतला. साडेअकरा हजार मोजले. मुख्याध्यापकांना पटवण्यात पंधरा दिवस गेले ते वेगळेच. खोक्यात दोन चाकवाल्या गाड्या, दांड्यावर कॅमेरा लावलेला एक रोबो आणि एक नुसता हात. हाताला चाकंच नाहीत! पोरांना वाटलं, टाकायची राहिली. मीही माहितीपुस्तिका दोनदा चाळली.

पण गंमत तीच आहे. ब्रसेल्सचे रोबो-संशोधक मार्को डोरिगो यांच्या 'स्वार्मॅनॉइड' प्रकल्पात उडणारे रोबो वरून शोध घ्यायचे, जमिनीवरचे रोबो बिनचाकी हाताला धरून कपाटापाशी न्यायचे आणि मग तो वर चढून पुस्तक काढायचा. हा संच म्हणजे त्याचीच शाळकरी आवृत्ती.

आमच्याकडे आंब्यावर तांबड्या मुंग्या पानांचं घरटं करतात. काही जणी पानांच्या कडा ओढून धरतात, काही जणी अळ्या तोंडात धरून आणतात आणि अळीच्या रेशमाने पानं चिकटवतात. अळीला तिथवर जाता येत नाही, पण रेशीम तिच्याचकडे. आठवीतली एक मुलगी हाताकडे बघून म्हणाली, "सर, ही अळी." पुस्तिकेत एवढं सरळ कुठेच लिहिलेलं नाही.

आता तक्रारी. रोबो एकमेकांशी इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी बोलतात, तेही जेमतेम वीतभरावरून. व्हरांड्यात नेले तर उन्हात सगळे मुके. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, हे खोक्यावर छापायला काय जात होतं? डावी गाडी जरा जोरकस, त्यामुळे हाताला घेऊन दोघी जागच्या जागी गरगर फिरायच्या. पोरांनी तिचा वेग कमी केला, तेव्हा कुठे जोडी जमली.

दुसऱ्याच आठवड्यात हाताच्या प्लॅस्टिक गिअरचे दात गेले. विक्रेता म्हणे, "मुलांनी पिरगाळला असेल." छे! दीडशे ग्रॅमचा डस्टर उचलायला लावला होता, पुस्तिकेत दोनशे लिहिलंय.

चार सारख्या गाड्यांचा जुना संच आहे आमच्याकडे. त्यातली एक बंद पडली तरी काम अडत नाही. इथे हात गेला आणि बाकीचे तिघे नुसते उभे. तरी पोरं जुन्या संचाकडे ढुंकून बघत नाहीत.

सुटा हात मागवलाय, अठ्ठावीसशे रुपये. या वेळी माझ्या खिशातून.