टेड घ्यावं का? दोन सीझन वापरून सांगतो

टेड म्हणजे टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस, कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात, तिरकी बसवायची सळ्यांची चौकट. सळ्यांमध्ये जास्तीत जास्त ४ इंच गॅप असते, कोळंबी त्यातून मागच्या पिशवीत जाते, कासव सळ्यांवरून घसरत झाकणातून बाहेर. कासवाला श्वासाला वर यावंच लागतं, जाळ्यात अडकलं आणि ट्रॉल ओढत राहिलो की बुडून मरतं. डेकवर आलेलं तसलं एक कासव मी बघितलंय, म्हणून आम्ही हे लावलं.

आणि ही आयडिया मूळ मच्छीमाराचीच बरं का! अमेरिकेत जॉर्जियाच्या सिंकी बून यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी जेलीफिश बाहेर काढायला असली चौकट बनवली होती, कासवांसाठी नंतर वापरली गेली. आधी सरकार म्हणालं मनाने लावा, फारसं कोणी लावलं नाही, मग १९८७ ला नियमच काढला. १९८९ मध्ये पुढचा कायदा, ज्या देशात कासवं वाचवत नाहीत तिथली ट्रॉलची कोळंबी घेणार नाही. त्यावरून भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेले, १९९८ ला अमेरिका हरली. लोक इथेच थांबतात, पण निकालाने कासवं वाचवण्याला चूक म्हटलंच नव्हतं, देशादेशांत भेदभाव केला हे चुकलं म्हटलं, आणि अमेरिकेने पद्धत बदलल्यावर २००१ मध्ये मलेशियाची तक्रार टिकली नाही. मला तरी हे बरोबर वाटतं, सक्ती नसती तर हे कोणीच लावलं नसतं. तसं बर्म्युडात १६२० मध्येच १८ इंचांपेक्षा लहान कासव मारायला बंदी होती, म्हणजे विचार नवा नाहीच.

आता वापराचं. नीट बसवलं तर ९७ टक्के कासवं सुटतात असं अमेरिकेचं सरकारी माप आहे, आमच्याकडे दोन सीझनमध्ये एकही मेलं नाही. पण लाकूड, गवत अडकलं की झाकण उघडं राहतं आणि कोळंबी जाते, मग जीव तळमळतो, दर ओढीनंतर साफ करावंच लागतं. पहिल्यांदा ज्याच्याकडून बसवून घेतलं त्याने कोनच चुकवला होता, ५५ अंशांच्या वर गेला तर कासव सळ्यांवर दाबून राहतं, सरकत नाही. स्वतः मोजून घ्या.

जुनं सेकंडहँड मिळत असेल तर कासव बाहेर पडायचं भोक आधी बघा. पूर्वीची भोकं मोठ्या लेदरबॅक जातीच्या कासवाला पुरायची नाहीत, म्हणून अमेरिकेने २००३ मध्ये ती मोठी करायला लावली. लहान भोकाचं फुकट दिलं तरी घेऊ नका.

५ पैकी साडेचार.