१९०४चा शिक्का आणि विजेची ट्राम : जुन्या मुंबईच्या चित्र-पोस्टकार्डांत झालेली माझी फसवणूक

मुंबईची जुनी चित्र-पोस्टकार्डे जमवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे, म्हणून मी ते सविस्तर लिहीत आहे. नऊ वर्षे हा छंद जोपासल्यानंतर, हाताशी दहापट भिंग आणि कपाटात दोनशेहून अधिक कार्डे असताना, मी एका विक्रेत्याला ४१,७५० रुपये देऊन बसले. संताप आहेच, पण शरम त्याहून जास्त आहे. गेले तीन महिने हा पूर्ण आकडा मी घरातही सांगितलेला नव्हता.

आकडा फोडून सांगते, म्हणजे पैसे कसे काढून घेतले जातात ते समजेल. चोवीस कार्डांच्या लॉटचे ३१,२५० रुपये, हॉर्नबी रोडच्या एका स्वतंत्र कार्डाचे ७,५०० रुपये, विमा उतरवलेल्या कुरिअरचे १,२०० रुपये आणि अस्सलपणाच्या प्रमाणपत्राचे १,८०० रुपये. चार वेगवेगळ्या दिवशी, चार हप्त्यांत, प्रत्येक वेळी मी स्वतःच्या हाताने पिन टाकून हे पैसे पाठवले.

विक्रेता एका संग्राहकांच्या गटात भेटला. घर रिकामे करताना माळ्यावरच्या ट्रंकेत अल्बम सापडला, घरात कोणाला त्याची किंमत नाही, योग्य माणसाच्या हाती जावा एवढीच इच्छा आहे, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे आणि मीही ती पूर्वी अनेकदा ऐकून सोडून दिलेली होती. या वेळी सोडली नाही, कारण हा माणूस विषयातले बोलत होता. मुंबईच्या क्लिफ्टन आणि कंपनीची कोलोटाइप छपाई (ठिपक्यांऐवजी बारीक कणांनी चित्र उमटवणारी जुनी पद्धत), लंडनचे प्रकाशक रॅफेल टक यांची तैलचित्रासारखी दिसणारी ऑइलेट मालिका, ‘प्रिंटेड इन सॅक्सनी’ (म्हणजे जर्मनीतल्या सॅक्सनीत छापलेले) ही मागच्या बाजूची बारीक ओळ, पहिल्या महायुद्धामुळे जर्मनीतून येणारी छपाई थांबणे, हे सगळे तो न अडखळता सांगत असे. “ताई, तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगणार,” असे प्रत्येक संभाषणात एकदा तरी येत असे. जाणकार म्हणवून घेणे मला आवडले, हे मी लपवणार नाही.

मी आंधळेपणाने पैसे दिले असे कोणी म्हणू नये. मी व्हिडिओ कॉलवर कार्डे दाखवायला लावली होती आणि भिंग लावून जवळून दाखवा असा आग्रहही धरला होता. त्याने चार कार्डे भिंगाखाली दाखवली. अपोलो बंदराचे कार्ड पाहताना मला कोलोटाइपचा तो तडकलेल्या मातीसारखा, वेडावाकडा, बारीक कण स्पष्ट दिसला. ती चारही कार्डे खरी होती आणि आजही ती माझ्याकडे आहेत. उरलेली वीस त्याने पंख्यासारखी पसरून दाखवली आणि तेवढ्यात फोनची चार्जिंग संपत आल्याचे सांगितले. चार खरी पाहिल्यावर उरलेल्यांचीही खात्री मी मनातल्या मनात धरून टाकली. लॉट घेताना कोणती कार्डे दाखवायची हे विक्रेत्याला ठरवू देऊ नका. क्रमांक तुम्ही सांगा.

आता त्या हॉर्नबी रोडच्या कार्डाकडे येते. या कार्डाने माझी झोप उडवली आहे, कारण फसवणूक माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती पाहिली नाही.

आजच्या दादाभाई नौरोजी मार्गाचे ते दृश्य आहे. डावीकडे कमानींच्या इमारती, मध्ये दोन घोडागाड्या, डोक्यावर पाटी घेतलेला एक मुलगा आणि त्याच्या मागे समोरून येणारी ट्राम. मागच्या बाजूला सातव्या एडवर्डचे हिरवे अर्ध्या आण्याचे तिकीट आणि त्यावर मार्च १९०४चा मुंबईचा गोल शिक्का. विक्रेत्याने या शिक्क्याचेच कौतुक चालवले होते. पुण्याचे एक गृहस्थ ९,००० रुपये द्यायला तयार आहेत, पण लॉट तुम्ही घेतलात म्हणून तुम्हाला ७,५०० ला देतो, रात्री दहापर्यंत कळवा, असा त्याचा निरोप होता. मी फोटो मोठा करून पाहिला. ट्रामच्या छपरावरून एक दांडा तिरका वर गेलेला होता आणि तो वरच्या तारेला टेकलेला होता. मी तो पाहिला. तार पाहिली. टेलिग्राफची तार असेल असे स्वतःला सांगितले आणि रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पैसे पाठवले.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी. या तारखा मला पाठ आहेत. दुसऱ्यांची कार्डे तपासताना मी स्वतः याच तारखा सांगितलेल्या आहेत. ट्रामला घोडे जोडलेले नाहीत आणि वर तार आहे, म्हणजे ते दृश्य मे १९०७ नंतरचे. मार्च १९०४चा शिक्का त्या चित्रावर कोणत्याही मार्गाने पडू शकत नाही. एवढा एक विचार मला त्या वीस मिनिटांत सुचला नाही. फोटो दाबून बारीक केलेला होता, दिवसभराच्या कामानंतर डोळे थकलेले होते, ही कारणे खरीच आहेत. पण खरे कारण हे की मी शिक्का पाहत होते आणि चित्र पाहत नव्हते. विक्रेत्याला नेमके तेच हवे होते.

पुढे तिकिटे जमवणाऱ्या एका मित्राने कार्ड उलटे करून पाहिले आणि अर्ध्या मिनिटात दुसरी चूक दाखवली. तिकिटावर ‘इंडिया पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ असे शब्द आहेत. एडवर्डच्या तिकिटांवर आधी फक्त ‘इंडिया पोस्टेज’ असे. पोस्टेज आणि रेव्हेन्यू असे दोन्ही शब्द असलेली अर्ध्या आण्याची आणि एक आण्याची तिकिटे १९०६ मध्ये आली. म्हणजे तिकीटही त्या शिक्क्याहून तरुण होते. तिकीट खरे होते, कोणत्या तरी जुन्या पाकिटावरून काढून चिकटवलेले. शिक्क्याची शाई तिकिटावर होती, पण तिकिटाच्या कडेबाहेर कार्डावर जो कंस उतरला होता तो तिकिटावरच्या कंसाशी जुळत नव्हता. एकाचा घेर मोठा, दुसऱ्याचा लहान. वापरलेले कार्ड घेत असाल तर आधी तिकिटाची कड पाहा.

पाकीट आले त्या दिवशी रात्री मी दिवे बंद करून नोटा तपासण्याचा छोटा जांभळा दिवा लावला. चार खरी कार्डे अंधारात मंद, मळकी राहिली. बाकीची एकवीस एकामागून एक निळसर पांढरी चमकली. कागद चमकवणारी ती रसायने १९५०च्या आसपासपासून कागदात येऊ लागली, म्हणजे १९०४च्या कागदाने तसे चमकायचे कारणच नाही. कार्डांना चहाच्या पाण्यात बुडवल्याचा वास येत होता आणि तपकिरी छटा दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली होती. पण कार्ड चमकले नाही म्हणजे ते खरे असेही समजू नका. जुन्या वह्यांचे कोरे कागद वापरून छापणारेही आहेत.

भिंगाचा एक उपयोग मी आता प्रत्येकाला सांगते. केवळ चित्राचे ठिपके पाहून निर्णय घेऊ नका, कारण टकच्या खऱ्या ऑइलेट कार्डातही रंगांचे ठिपके असतात आणि नवखा माणूस त्यालाच नक्कल समजतो. चित्राखालच्या नावाची अक्षरे पाहा. मूळ छपाईत ती बहुधा सलग शाईने भरलेली असतात. कार्डाचा फोटो काढून किंवा स्कॅन करून पुन्हा छापले की अक्षरेही ठिपक्यांत फुटतात. माझ्या बनावट कार्डांवर ‘बॉम्बे’ या इंग्रजी शब्दातले प्रत्येक अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचे बनलेले होते. पट्टीही जवळ ठेवा. त्या काळातले नेहमीचे कार्ड साधारण १४ × ९ सेंटिमीटरचे असते. माझी एकवीसही कार्डे जेमतेम १३.५ सेंटिमीटर लांबीची भरली, कारण मूळ कार्डांच्या चित्रातल्या झिजलेल्या कडा कापून टाकून मग ही नक्कल छापलेली होती.

मागच्या बाजूच्या उभ्या रेषेवरही फार विसंबू नका. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये रेषा असलेली पाठ ब्रिटनमध्ये १९०२ पासून, जर्मनीत १९०५ पासून आणि अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून चालू लागली. कार्ड कोठे छापले ते कळल्याशिवाय रेषेवरून वर्ष काढता येत नाही, आणि विक्रेते हा गोंधळ पुरेपूर वापरतात.

प्रमाणपत्राबद्दल लिहिताना हात जड होतो. त्यावर सोनेरी शिक्का होता आणि लॉटमधली टकची सहा कार्डे ‘कंपनीच्या मूळ नोंदवहीशी पडताळून’ अस्सल ठरवल्याचे लिहिले होते. रॅफेल टकची लंडनमधली इमारत २९ डिसेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यात जळाली आणि कंपनीच्या नोंदी व मूळ चित्रे तिच्याबरोबर गेली. हे मला ठाऊक होते. तरीही ते वाक्य वाचून मला समाधान वाटले आणि त्या कागदासाठी मी १,८०० रुपये मोजले. विकणाऱ्यानेच आणून दिलेल्या प्रमाणपत्राला कवडीची किंमत नाही.

यानंतर जे झाले त्याचा मनस्ताप फसवणुकीइतकाच आहे.

बँकेत गेले. व्यवहार तुम्हीच पिन टाकून केला आहे, त्यामुळे आमच्याकडून काही होणार नाही, असे खिडकीवरच सांगण्यात आले. लेखी तक्रार घ्या म्हटल्यावर अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागायला दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी संबंधित अधिकारी बंदोबस्ताला होते. दुसऱ्या दिवशी भेटले, त्यांनी कार्डे हातात घेऊन पाहिली आणि “मॅडम, या रद्दीचे एवढे पैसे दिलेत?” असे सर्वांसमोर विचारले. वस्तू तर मिळाली आहे, मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद आहे, असे त्यांचे म्हणणे. बनावट वस्तू खरी म्हणून विकून पैसे घेणे ही फसवणूक आहे. पूर्वी ज्याला सगळे ४२० म्हणत ते आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. हे मी सांगितल्यावर विक्रेत्याचे खाते परराज्यातले आहे, तिकडे जा, असे उत्तर मिळाले. हद्द कोणतीही असली तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो, हे मी कायद्याचा कागद पुढे ठेवून दाखवले. तो कागद त्यांनी घडी घालून मला परत दिला. तिसऱ्या खेपेला विचारले की शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू ठेवायला तुमच्याकडे परवानगी आहे का. तक्रारदार म्हणून गेलेल्या बाईला आरोपीसारखे उत्तर द्यावे लागावे, याचा राग माझ्या मनातून जात नाही. अर्जावर आवक क्रमांक पडला, त्याला आज अकरा आठवडे झाले. विक्रेत्याने दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवलेली नोटीस ‘या नावाची व्यक्ती येथे राहत नाही’ या शेऱ्यासह परत आली.

माझी एक चूक येथे स्पष्ट सांगते. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर मी पैसे गेल्यानंतर २३ दिवसांनी फोन केला, कारण तोवर मी विक्रेत्याला निरोप पाठवून पैसे परत मागत बसले होते आणि तो “दोन दिवसांत करतो, ताई” म्हणत वेळ काढत होता. खात्यातले पैसे पुढे सरकण्याआधी, पहिल्या काही तासांत हा फोन व्हायला हवा. संभाषणाचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा. माझ्याशी झालेले अर्धे संभाषण त्याने नंतर पुसून टाकले. पाकीट उघडताना सलग व्हिडिओ काढा. लॉटचे पैसे एकरकमी देऊ नका. एक कार्ड मागवा, दिव्याखाली आणि भिंगाखाली पाहा, मग पुढचे. जो विक्रेता याला तयार होत नाही, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवा.

गेल्या आठवड्यात तेच हॉर्नबी रोडचे दृश्य दुसऱ्या नावाने, दुसऱ्या गटात विक्रीला आलेले मला दिसले. किंमत ८,२०० रुपये. शिक्का या वेळी १९०३चा आहे. ओळखण्याची खूण अशी : पाटी घेतलेल्या मुलाच्या डाव्या खांद्यावरून एक बारीक पांढरा ओरखडा खाली गाडीच्या चाकापर्यंत जातो आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात दुमड दिसते. बोट फिरवून पाहिले तर ती दुमड लागत नाही, कारण ती छापलेली आहे. माझ्या कार्डावर हा ओरखडा आणि ही दुमड तंतोतंत त्याच जागी आहेत. हे कार्ड कोणाला दाखवले गेले असेल तर पैसे पाठवू नका आणि त्या माणसाचा निरोप जपून ठेवा. माझ्या तक्रारीला तो जोडायचा आहे.