फाउंटनजवळचा जुन्या पेपरांचा स्टॉल

रद्दीच्या भावात पेपर मिळतील म्हणून इथे जाऊ नका. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकं मांडून बसणाऱ्या या काकांनी आणीबाणीतले अंक तारखेप्रमाणे लावून, एकेक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेत. मी २८ जून १९७५चा 'टाइम्स ऑफ इंडिया' मागितला. साडेसातशे सांगितले, सहाशेला दिला. पैसे मात्र आधी घेतले नाहीत. "ताई, उघडून बघा, पानं मोजा, मग बोला," म्हणाले. याआधी दुसऱ्या एका दुकानात मला मूळ अंक म्हणून झेरॉक्स विकली होती, त्यामुळे हे फार बरं वाटलं.

मला छोट्या जाहिरातींचं पान हवं होतं. निधनाच्या रकान्यात बारीक टायपात आहे : डी. ई. एम. ओक्रसी २६ जूनला वारले. पत्नी टी. रूथ, मुलगा एल. आय. बर्टी, बहिणी फेथ, होप आणि जस्टिशिया. नावं मोठ्याने वाचा, म्हणजे कळेल. २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली, दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली, सेन्सॉर बसले. बातमीत लिहिता येईना, तर एका तरुण पत्रकाराने लोकशाहीची निधनवार्ताच जाहिरात म्हणून छापून आणली. त्याच दिवशी 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. पुढे कोरी जागा सोडायलाही मनाई झाली.

माझे बाबा तेव्हा एका मराठी दैनिकात कंपोझिटर, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते. सेन्सॉरकडून प्रूफ परत आलं की काट मारलेल्या ओळींचे खिळे काढायचे आणि रात्री दहा वाजता तेवढ्याच मापाचा दुसरा मजकूर शोधायचा. ते भरताना हात जड व्हायचा, असं ते अजून सांगतात. अंक घरी आणला तेव्हा त्यांनी साबणाने हात धुतले, पुसले आणि मगच तो हातात घेतला.

उणीव एकच, मराठी अंक फार कमी. यदुनाथ थत्ते संपादक असताना 'साधना' साप्ताहिक सेन्सॉरशी कोर्टात लढलं, त्या काळातले अंक मला हवे होते. दोनच निघाले, तेही बाइंडिंगवाल्याने कडेच्या ओळींसकट कापलेले. ते घेतले नाहीत. काकांनी नंबर लिहून घेतलाय.

जाताना पुठ्ठ्याची मोठी फाइल न्या. कागद घडीवर मोडतो. माझा दादरपर्यंतच मोडला.