तेलघाण्याच्या प्रकल्प अहवालात कोंडा: एका सल्लागार सेवेचे परीक्षण

कराड तालुक्यातील आमच्या गावात शेंगदाणा तेलाचे 2 लाकडी घाणे बसवण्यासाठी मी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज मागायचे ठरवले, तेव्हा अर्जासोबत लागणारा प्रकल्प अहवाल जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सल्लागाराकडून करून घेतला. या सेवेचे नाव मी लिहीत नाही. अशी कार्यालये बहुतेक जिल्ह्यांत आहेत आणि त्यांची कामाची पद्धत फारशी निराळी नसावी. शुल्क 8,000 रुपये ठरले. त्याखेरीज कर्ज मंजूर झाल्यावर कर्जाच्या 2 टक्के द्यावे लागतील, हे आगाऊ रक्कम भरल्यानंतर कळले.

प्रथम जे चांगले होते ते सांगते. अहवाल चौथ्या दिवशी हाती आला. यंत्रांची कोटेशने, उद्यम नोंदणी, शेडचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा दाखला अशी सर्व कागदपत्रे त्यांनी योग्य क्रमाने लावून घेतली. 5 वर्षांचा नफा-तोटा, ताळेबंद, रोख प्रवाह, घसारा आणि परतफेडीचे हप्ते बँकेला हव्या त्या नमुन्यात बसवले. प्रकल्प खर्चात जमिनीची किंमत धरता येत नाही, हा नियमही त्यांनी आठवणीने पाळला. मी स्वतः हे तक्ते तयार करायला बसले असते तर महिना गेला असता, आणि तरीही ताळेबंदाच्या दोन बाजू जुळल्या असत्या याची खात्री नाही.

अडचण तक्त्यांत नव्हती. त्यांत भरलेल्या आकड्यांत होती. संपूर्ण अहवाल ज्या एका आकड्यावर उभा राहतो तो म्हणजे तेलाचा उतारा, म्हणजे दाण्यांच्या वजनातून किती टक्के तेल निघते ते, आणि तो 60 टक्के धरलेला होता. शेंगदाण्यात मुळात तेलच साधारण 45 ते 50 टक्के असते. लाकडी घाण्यावर हाताशी येते ते 40 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 100 किलो दाण्यांपासून 40 किलो, मापाने सुमारे 44 लिटर. अहवालातल्या हिशेबाने तेच 66 लिटर झाले होते. मी फोन केल्यावर उत्तर मिळाले, "मॅडम, बँकेत एवढं बारीक कोणी बघत नाही."

उपउत्पादनाच्या रकान्यात तर 'कोंडा विक्री' असे लिहिलेले होते. आधी कुठल्या तरी भात गिरणीसाठी केलेला अहवाल नाव आणि यंत्रे बदलून माझ्या माथी मारला होता हे उघडच आहे. पण मला हसू येण्याऐवजी धडकी भरली, कारण त्या रकान्यात पेंड हवी होती आणि घाण्याचा धंदा तरतो तो पेंडीवर. 120 रुपये किलोने 100 किलो दाणे घेतले तर 12,000 रुपये जातात. दुकानदाराचे कमिशन वजा जाता लिटरला 300 रुपये मिळाले तर 44 लिटरचे 13,200 होतात. उरलेल्या 1,200 रुपयांत वीज, मजुरी आणि बाटल्या भागतच नाहीत. मात्र 58 किलो पेंड 40 रुपयांनी गोठेवाल्यांना गेली की आणखी 2,320 रुपये येतात आणि गणित जमते. ज्या अहवालात पेंड नाही, तो घाण्याचा अहवाल नव्हेच.

पहिल्याच वर्षी 80 टक्के क्षमतेने गाळप होईल, हेही त्यांनीच ठरवून टाकले होते. दोन्ही घाण्यांची क्षमता दिवसाला 240 किलो दाण्यांची. त्यांच्या उताऱ्याने रोज 126 लिटर तेल विकावे लागले असते. त्यासाठी वर्षभरात 69 लाखांचे दाणे लागतात आणि खेळते भांडवल दाखवले होते 4 लाख, म्हणजे जेमतेम 3 आठवड्यांच्या मालाचे! सुगीनंतर दर उतरलेले असताना माल भरून ठेवावा लागतो, हे आमच्याकडे बाजाराला जाणारे कोणीही सांगेल. अशा आकड्यांतून डीएससीआर, म्हणजे नफा, घसारा आणि व्याज मिळून कर्जाचे व्याज व हप्ते कितपत भागतात हे दाखवणारे गुणोत्तर, 7 च्या घरात गेले होते. आमच्या शाखेत अपेक्षा दीडची होती.

आणखी एक चूक अशी, की जी अशा योजनांचेच काम करणाऱ्यांकडून होऊ नये. ग्रामीण भागातील महिलेला या योजनेत 5 टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते आणि 35 टक्के अनुदान मिळते. 12 लाखांच्या प्रकल्पात माझे 60,000, बँकेचे कर्ज 11,40,000 आणि त्यातील 4,20,000 अनुदानाचे. ही अनुदानाची रक्कम हाती पडत नाही. ती 3 वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून राहते, तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज आकारलेही जात नाही. अहवालात मात्र पाचही वर्षे संपूर्ण कर्जावर व्याज लावले होते. चूक माझ्या विरुद्ध बाजूची असल्यामुळे सल्लागारांना ती निरुपद्रवी वाटली. मला वर्षाला 40,000 रुपयांहून अधिकचा तो फरक तसा वाटला नाही.

बँकेत अर्थात बारीक बघणारे कोणीतरी होतेच. शाखाधिकाऱ्यांनी 38 पानांपैकी एकच पान उघडले आणि विचारले, "ताई, रोज सव्वाशे लिटर तेल घेणार कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तो आकडा माझा नव्हता.

त्यानंतर मी कराडची 11 दुकाने आणि आमच्या परिसरातील गोठे फिरले, मिळालेले भाव वहीत लिहिले आणि ती वही घेऊन पुन्हा सल्लागारांकडे गेले. तेथील लेखा सहायक मुलीचे मात्र मनापासून कौतुक केले पाहिजे. तिने दोन दुपारी माझ्यासोबत बसून प्रत्येक आकडा बदलला, पेंडीचा रकाना घातला आणि पहिल्या वर्षाची क्षमता 30 टक्क्यांवर आणली. रोजची विक्री 32 लिटर झाली आणि डीएससीआर 1.7 वर उतरला. शाखाधिकाऱ्यांनी तो अहवाल ठेवून घेतला आणि पुढच्या आठवड्यात जागा पाहायला आले. त्या दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हेही नोंदवते.

2 टक्क्यांची मागणी मात्र मला अयोग्य वाटते. मंजुरी बँक देते, सल्लागार नव्हे. 11,40,000 च्या कर्जावर ही रक्कम 22,800 होते, म्हणजे मूळ शुल्काच्या जवळजवळ तिप्पट. ही मागणी लेखी द्या असे मी म्हटले, तेव्हा तो विषय पुन्हा निघाला नाही. खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या दुसऱ्या योजनेत, पीएमएफएमईमध्ये, अहवाल तयार करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते आणि तिचे मानधन सरकार देते, हे मला उशिरा समजले. तेथे अनुदान 35 टक्के, कमाल 10 लाख. तेल, मसाले, पापड असे काही करू पाहणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी तिकडे एकदा चौकशी करावी.

या सेवेला मी 5 पैकी अडीच गुण देते. तक्त्यांसाठी 8,000 रुपये मला जास्त वाटत नाहीत, आणि पुढे तिसरा घाणा घ्यायची वेळ आली तर कदाचित त्याच कार्यालयात जाईन. मात्र त्या वेळी वही आधी नेईन आणि काम त्या मुलीकडेच द्यावे असे सांगेन.